फायबरची होडी आणि काथ्याचा धागा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिरोड्याच्या किनाऱ्यावर काथ्याचा सुंभ जुना आणि फायबरची होडी त्या मानाने नवी. या दोन्हींचे गुण एकत्र आणून स्वस्त आणि दणकट संमिश्र साहित्य, म्हणजे कंपोझिट, बनवता येईल का, यावर अनेक विद्यापीठांत संशोधन चालू आहे. त्याविषयीचे चार गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १: फायबरची होडी म्हणजे प्लास्टिकची होडी.

वस्तुस्थिती: बादलीच्या प्लास्टिकमध्ये ताण सोसणारा धागा नसतो. होडीत काचेच्या धाग्याची मॅट आणि रेझिन असतं. ताण धागा घेतो. रेझिन धाग्यांना जागेवर धरतं आणि एकाचा भार दुसऱ्यावर वाटतं. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची 'म्हादेई' लाकूड आणि फायबरग्लासचीच. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली.

गैरसमज २: महागडा कार्बन घातला की होडी आपोआप सरस.

वस्तुस्थिती: कार्बनचा धागा काचेच्या सुमारे तिप्पट ताठ असतो, पण तुटण्याआधी कमी ताणला जातो. विमानात एकेक किलो वजन वाचवणं मोलाचं असतं, म्हणून तिथे तो परवडतो. मासेमारीच्या छोट्या होडीला काच पुरते. कार्बनधाग्याचा जवळपास निम्मा खर्च तो ज्या कृत्रिम धाग्यापासून बनतो त्यावरच होतो. पुढे हा मूळ धागा १००० अंश सेल्सिअसच्या वर तापवावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठासारख्या ठिकाणी हाच खर्च कमी करण्याची खटपट चालू आहे.

गैरसमज ३: काचेऐवजी काथ्या वापरला की तेवढीच मजबुती स्वस्तात.

वस्तुस्थिती: काथ्यातले सेल्युलोजचे तंतू सरळ नसून तिरप्या वळणाने गुंडाळलेले असतात. त्यामुळे तो भरपूर ताणला जातो, पण त्याची ताकद काचेच्या एक दशांशाहूनही कमी भरते. शिवाय तो पाणी शोषतो. कॉस्टिक सोड्याने धुतल्यावर रेझिन त्याला अधिक घट्ट धरतं, तरी होडीच्या तळाचा भार एकट्या काथ्यावर टाकू नये. आतले पॅनेल, फळ्या, आसनांची भरण ही त्याची खरी कामं. दोरी म्हणून तर त्याचा ताणला जाण्याचा गुणच उपयोगी पडतो: २०२५ मध्ये नौदलात आलेल्या 'कौंडिण्य' या जहाजाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनेच शिवल्या आहेत.

गैरसमज ४: नैसर्गिक धागा घातला की वस्तू पर्यावरणपूरक.

वस्तुस्थिती: धागा नारळाचा असला तरी भोवतालचं पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी रेझिन कुजत नाही, आणि एकदा घट्ट झालं की वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाही.

तेव्हा 'काथ्याचं कंपोझिट' विकायला कुणी आलं, तर आधी तीन गोष्टी विचारा: धागा किती टक्के, रेझिन कोणतं, आणि खाऱ्या पाण्यात काही महिने बुडवून ठेवल्यावर ताकद किती उरते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चाचणीच्या कागदासह मिळत नसेल, तर ते साहित्य पाण्यात उतरवू नका.