गियर लिव्हर ढिला झालाय? गिअरबॉक्स उघडण्याआधी हा छोटासा बुश तपासा

मागच्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी बाबांची, तेरा वर्षांची हॅचबॅक. चालवत मी होतो, शेजारी बाबा, मागे आई. खंबाटकी घाट चढताना पुढे एक भरलेला ट्रक रांगत होता, म्हणून तिसऱ्यावरून दुसरा टाकला. म्हणजे मला तरी तो दुसरा वाटला. क्लच सोडला तर गाडीने दोन गचके दिले आणि बंद पडली. चौथा पडला होता. मागच्या एसटीचा हॉर्न, आईचं "अरे ब्रेक, ब्रेक!" आणि बाबांनी ओढलेला हँडब्रेक, सगळं एकदमच झालं.

गावातल्या गॅरेजवाल्याने लिव्हर दोनदा हलवून पाहिला आणि सांगितलं, "गिअरबॉक्स खोलावा लागेल, वीस हजार धरून चला." बाबा तयार झाले होते. मी एक दिवस मागून घेतला, कारण मला एक गोष्ट खटकत होती. गियर पडताना खरखर अजिबात होत नव्हती. लिव्हर फक्त न्यूट्रलमध्येही डावी-उजवीकडे मऊ भातासारखा हलत होता.

शेवटी निघाला तो एक झिजलेला बुश. दीडशे रुपयांचा सेट.

बुश म्हणजे नक्की काय

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स बॉनेटखाली आडवे बसवलेले असतात आणि लिव्हर असतो तुमच्या हाताशी. मधलं अंतर जोडायला दोन केबल असतात. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत केबलऐवजी लोखंडी रॉड असायचा. दोन केबल कशाला? गियरचा 'एच' आकार डोळ्यांसमोर आणा. हा सरळ एक्स-वाय ग्राफ आहे. एक केबल डावी-उजवी हालचाल नेते, म्हणजे पहिला-दुसरा, तिसरा-चौथा की पाचवा-रिव्हर्स, यातली कुठली जोडी ते ठरवते. तिला सिलेक्ट केबल म्हणतात. दुसरी पुढे-मागे हालचाल नेते आणि त्या जोडीतला गियर प्रत्यक्ष टाकते. ती शिफ्ट केबल.

प्रत्येक केबलच्या टोकाला एक भोक असतं आणि ते गिअरबॉक्सच्या बाहेर आलेल्या हाताच्या पिनवर बसतं. लोखंड लोखंडावर घासू नये, खडखड होऊ नये म्हणून मधे नायलॉनची किंवा रबराची एक बांगडी असते. हाच बुश. इंजिनची उष्णता, धूळ, पावसाचं पाणी आणि सुकून वाळूसारखं झालेलं ग्रीस यांनी तो वर्षानुवर्षं घासला जातो, कडक होतो आणि एक दिवस तुकडे पडायला लागतात.

गेम खेळणाऱ्यांनी कंट्रोलरच्या स्टिकमधला डेड झोन अनुभवला असेल. स्टिक हलते, पण स्क्रीनवर काहीच होत नाही. झिजलेला बुश म्हणजे तोच डेड झोन. लिव्हर हलतो, केबल हलते, पण पिन भोकात मोकळी असल्यामुळे गिअरबॉक्सला काहीच कळत नाही. गॅरेजच्या भाषेत 'प्ले आलाय'. आणि हा प्ले हाताशी येईपर्यंत मोठा होतो. समजा पिन १० मिलिमीटरची आहे आणि बुशचं भोक झिजून १२ झालंय. फरक फक्त दोनचा. पण लिव्हरचा वरचा भाग खालच्या भागाच्या चौपट लांब असेल, तर नॉबवर तेच आठ मिलिमीटर होतात. एवढ्यात दुसऱ्याचा चौथा सहज होतो.

चौथा पडून गाडी बंद पडली हे आमचं नशीबच. उलटं झालं असतं, म्हणजे हायवेवर नव्वदच्या वेगात चौथा टाकायला जाऊन दुसरा पडला असता, तर चाकांनी इंजिनला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवलं असतं. तिथे रेव्ह लिमिटरही वाचवत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो. चाकांकडून येणारा जोर तोडणं त्याच्या हातात नसतं.

फोनने निदान

इथे तुमचा फोन खरंच कामाला येतो. इंजिन बंद आणि थंड, गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला. बॉनेट उघडायचं आणि केबलची टोकं जिथे गिअरबॉक्सला भेटतात तिथे फोन स्लो-मोशनवर लावून ठेवायचा. मी फोन बॅटरीवर फडक्यात गुंडाळून टेकवला होता. मग आत बसून क्लच दाबायचा आणि लिव्हर हळूहळू डावी-उजवीकडे, पुढे-मागे न्यायचा. व्हिडिओत बघायचं की केबलचं टोक हलल्यावर गिअरबॉक्सचा हात लगेच हलतो का. माझ्या व्हिडिओत सिलेक्ट केबलचं टोक आधी चांगलं सरकत होतं आणि हात नंतर जागा व्हायचा. बाबांना दाखवलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "हे एवढंसं?"

मात्र प्रत्येक त्रास बुशचा नसतो. इंजिन बंद असताना सगळे गियर छान पडतात आणि चालू केल्यावर अडकतात किंवा खरखरतात, तर क्लच नीट सुटत नाहीये. एकाच गियरला खरखर असेल तर गिअरबॉक्सच्या आतला सिंक्रो झिजलेला असू शकतो. पडलेला गियर चालत्या गाडीत आपोआप बाहेर येत असेल तर मात्र घरी खेळ करू नका.

पार्ट शोधणं हेच अर्धं काम

कंपनीच्या काउंटरवर मला सांगितलं की बुश सुटा मिळत नाही, पूर्ण केबल घ्या, साडेसहा हजार. म्हणून त्याच दिवशी जुना बुश काढला, साध्या प्लास्टिकच्या व्हर्नियरने पिनची जाडी, केबलच्या भोकाचा व्यास आणि बुशची रुंदी मोजली, फूटपट्टीशेजारी ठेवून फोटो काढले आणि पुण्यात नाना पेठेत फिरलो. तिसऱ्या दुकानात काकांनी फोटो झूम करून पाहिला आणि न बोलता डबा काढला. मधला आठवडा गाडी अंगणात उभी होती आणि बाबा स्कूटरवर, त्यामुळे त्यांचे रोजचे दोन फोन ठरलेले.

ऑफिसातल्या मित्राने थ्रीडी प्रिंट करून देतो म्हटलं होतं. मोह मला पण झाला. पण नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठेक अंशाला मऊ पडायला लागतं आणि बॉनेटखाली तेवढं तापमान ही रोजची गोष्ट आहे. प्रिंट कीचेनसाठी ठीक.

प्रत्यक्ष काम

चारचाकी आणि न्यूट्रल हे लक्षात ठेवा. काम करताना गाडी गियरमध्ये ठेवता येत नाही, म्हणून हँडब्रेकवर विसंबू नका. चाकांच्या पुढे-मागे विटा लावा. केबलवाल्या गाड्यांत बहुतेक वेळा वरूनच हात पोचतो. रॉडवाल्या गाडीत खाली जावं लागतं आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरायचं नाही. जॅक स्टँड नसतील तर ते काम गॅरेजला द्या.

माझ्या गाडीत एअर फिल्टरचा डबा आड येत होता. तो काढण्याआधी चार बाजूंनी फोटो काढले. डब्यावरच्या सेन्सरचा प्लग लॉक दाबून सोडवला आणि इंजिनकडे जाणाऱ्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं, कारण तिथे एक नट पडला तर बुशचं दुःख फार छोटं वाटेल. बॅटरी काढावी लागत असेल तर आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर सोडायची आणि लावताना तीच शेवटी.

केबलचं टोक माझ्याकडे वॉशर आणि स्प्लिट पिनने अडकवलेलं होतं. नोज प्लायरने पिन सरळ करून ओढली की झालं. काही गाड्यांत टोक बॉलवर दाबून बसवलेलं असतं. तिथे जोडाच्या अगदी जवळ चपटा पाना घालून सरळ वर उचलायचं. केबल धरून वाकडं ओढायचं नाही. आतली तार एकदा दुमडली की ते साडेसहा हजार खरंच जातात. केबलवर ॲडजस्टर दिसला तर त्याला हात लावू नका. सगळं जागेवर असताना तो फिरवला की बुश नवा आणि गियर तरीही चुकीचे.

जुना बुश कसला, तीन तुकडे आणि काळी भुकटी होती. पिन फडक्याने पुसून नखाने तपासली. नख अडकेल अशी खाच असेल तर नवा बुशही लवकर जातो. माझी पिन गुळगुळीत होती.

इथे मी चूक केली. नवा बुश घट्ट होता, म्हणून हातोडीने दोन टोले दिले आणि त्याची कडा तडकली. सेटमध्ये चार होते म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी बुश पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाकला. नायलॉन मऊ पडतं. मग पक्कडीच्या जबड्यात कापड घालून हळूहळू दाबत नेला आणि टक्कन बसला. शिफ्ट केबलचा बुश बरा होता, पण हात काळे झालेच होते म्हणून तोही बदलला.

ग्रीस थोडंच लावा. नायलॉनला पांढरं लिथियम ग्रीस चालतं. रबराचा बुश असेल तर सिलिकॉन ग्रीस घ्या, कारण पेट्रोलियमचं साधं ग्रीस काही रबरांना फुगवतं. स्प्लिट पिन जुनीच परत वाकवू नका, दोन रुपयांची नवी लावा.

आधी इंजिन बंद ठेवून सगळे गियर टाकून पाहिले. एखादा अडला तर क्लच सोडून पुन्हा दाबायचा, कधीकधी आतले दात समोरासमोर आलेले असतात. मग इंजिन चालू करून अंगणातच पहिला आणि रिव्हर्स, मग गल्लीत. पुन्हा तोच स्लो-मोशन व्हिडिओ काढला. या वेळी केबल आणि हात एकत्र हलले. डॅशबोर्डवर मात्र इंजिनचा पिवळा दिवा! सेन्सरचा प्लग लावायला विसरलो होतो. फोटो काढले होते, पाहिले नव्हते. प्लग लावल्यावर चार-पाच फेऱ्यांनी दिवा आपोआप गेला.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर

ऑटोमॅटिकमध्येही लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत केबल असेल तर हाच बुश असतो आणि तिथे तो जास्त धोकादायक. लिव्हर 'पी'वर असतो, गिअरबॉक्स मात्र अजून दुसरीकडेच, आणि तुम्ही उतरल्यावर गाडी चालू लागते. २०२२ मध्ये अमेरिकेत फोर्डने नेमक्या याच बुशसाठी जवळपास २९ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. उपाय होता नवा बुश आणि त्यावर संरक्षक टोपी. तुमच्या ऑटोमॅटिकचा लिव्हर ढिला वाटत असेल तर हँडब्रेक लावल्याशिवाय उतरू नका, आणि हे काम सर्व्हिस सेंटरलाच द्या.

आमच्या गाडीत थोडा प्ले अजून आहे. तो लिव्हरच्या बुडाशी असलेल्या बुशचा. त्यासाठी मधला कन्सोल उघडावा लागेल, ते दिवाळीच्या सुट्टीत. तोपर्यंत दुसरा म्हटलं की दुसराच पडतो. बाबांनी उरलेला एक बुश प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवलाय.