चाकणमध्ये स्कोडा बनते, पण तिच्या देशात रॉक बँड काढायला परीक्षा द्यावी लागायची!

चाकण एमआयडीसीतून जाताना स्कोडा-फोक्सवॅगनचा प्लांट दिसला नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. 2009 मध्ये हा प्लांट सुरू झाला. आज कुशाक आणि स्लाव्हिया इथूनच बाहेर पडतात. स्कोडा मूळची चेक कंपनी, हेही अनेकांना माहीत असतं.

पण याच चेक लोकांच्या देशात 35-40 वर्षांपूर्वी चार पोरांनी एकत्र येऊन बँड काढायचा म्हटलं, तर आधी सरकारी समितीपुढे उभं राहावं लागायचं. केस किती लांब, गाण्याचे शब्द काय, बँडचं नाव इंग्रजी का, सगळ्याचा हिशोब द्यावा लागायचा. तरीही तिथं हेवी मेटल वाजलं आणि सरकारच्याच कंपनीनं त्याच्या रेकॉर्ड काढल्या.

हे कसं झालं? आणि त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं?

सुरुवात एका प्रेस मशीनपासून

हेवी मेटल म्हणजे आरडाओरडा, असं अनेकांना वाटतं. पण या संगीताचा जन्म थेट कारखान्यातला आहे.

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडसारखंच कारखान्यांचं शहर. 1965 मध्ये 17 वर्षांचा टोनी आयोमी तिथं पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता. मशीनमध्ये त्याचा उजवा हात सापडला आणि दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा गिटारवादक, म्हणजे तारा दाबायचा तो नेमका हाच हात.

आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं बनवली, त्यावर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबताना दुखायचं म्हणून पातळ तारा लावल्या. पुढे त्या सैल सोडून सूरही खाली उतरवले. त्यातून जो जड, काळोखा आवाज निघाला, त्यावर त्याचा 'ब्लॅक सॅबथ' हा बँड उभा राहिला. त्यांचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला आणि हेवी मेटलची सुरुवात तिथूनच धरतात.

प्रेस शॉपमध्ये बोट जाणं म्हणजे काय, हे भोसरी-चाकणच्या कामगाराला वेगळं सांगायला नको.

आधी परीक्षा, मग गाणं

1948 मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट सत्तेवर आले. 1968 मध्ये तिथं थोडी मोकळीक मिळू लागली, तर 21 ऑगस्टला सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. त्यानंतर संगीतावरचा पहाराही कडक झाला.

कार्यक्रमाचे पैसे घ्यायचे असतील, तर बँडला समितीची परीक्षा पास व्हावी लागे. त्यात नुसतं वाजवून भागत नसे, राजकारणाचे प्रश्नही विचारले जात. शिवाय बँडच्या पाठीशी एखादी संस्था लागे. म्हणजे कारखान्याचा क्लब, नाहीतर कामगार संघटनेचं सांस्कृतिक केंद्र. रेकॉर्ड काढायची, तर सुप्राफोन, पॅन्टॉन आणि ओपस या तीनच कंपन्या आणि तिन्ही सरकारी.

जे या चौकटीत बसले नाहीत, त्यांचे हाल झाले. 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' या बँडचा परवाना 1970 मध्ये गेला. 1976 मध्ये त्यांच्यावर खटला चालला, काही जण तुरुंगात गेले. या खटल्याच्या संतापातूनच जानेवारी 1977 मध्ये 'चार्टर 77' हे नागरी हक्कांचं निवेदन निघालं. ते काढणाऱ्यांमध्ये नाटककार वाक्लाव हावेल होते. तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. एका बँडवरच्या खटल्याचे धागे असे थेट राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचले.

काही बँडनी दुसरी वाट धरली, चौकटीत राहून जमेल तेवढं करायची. त्यातला एक म्हणजे 'सिट्रॉन'. हा बँड ओस्त्रावा शहरातला. कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने हीच त्या शहराची ओळख. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सिट्रॉनचे 'प्ल्नी एनेर्गिए' आणि 'राडेगास्ट' हे अल्बम आले. पहिल्या नावाचा अर्थ 'ऊर्जेनं भरलेले', तर राडेगास्ट हा स्लाव्ह लोकांचा जुना देव. आजही ते चेक हेवी मेटलचे महत्त्वाचे अल्बम मानले जातात.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. हे बँड चेक भाषेत गात होते. इंग्रजीकडे सरकार संशयानं बघत होतं, हे त्यामागचं एक कारण. पण परिणाम असा झाला की, खाणीतून शिफ्ट संपवून आलेल्या पोराला शब्द न् शब्द कळत होता.

इकडे मुंबईत 'रॉक मशीन'

त्याच काळात, 1984 मध्ये, मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड सुरू झाला. महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आले. 1986 पासून धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेन्डन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला आणि रॉकवेड्या पोरांना हक्काची जागा मिळाली.

आपल्याकडे परीक्षा घेणारी समिती नव्हती. पण अडचणी होत्याच. परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर आणायचे तर आयातीचे निर्बंध आणि जबर शुल्क. टीव्ही म्हणजे फक्त दूरदर्शन. कॅसेटचं मार्केट सिनेमाच्या गाण्यांच्या ताब्यात. कार्यक्रमात लोकांना हवी असायची परदेशी बँडची गाणी. स्वतःचं काही वाजवलं, तर ऐकणार कोण?

तरीही 1988 मध्ये रॉक मशीननं स्वतःच्या गाण्यांचा 'रॉक एन रोल रेनिगेड' हा अल्बम काढला. भारतात इंग्रजी रॉक बँडनं असं करणं तेव्हा दुर्मिळ होतं. 1993 मध्ये बँडनं 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं आणि त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियासाठीचा पुरस्कार मिळाला.

थोडक्यात, प्रागमध्ये सरकार अडवत होतं, तर मुंबईत बाजार आणि कस्टम.

मग पिंपरीत मेटल का रुजलं नाही?

बर्मिंगहॅम आणि ओस्त्रावात जे झालं, ते पिंपरी-चिंचवडमध्ये का झालं नाही? कारखाने होते, शिफ्ट होत्या, रागही होता. 1989 च्या सप्टेंबरमध्ये टेल्कोचे कामगार पुण्यात शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले होते. पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. त्यानंतर दोनच महिन्यांत प्रागच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले आणि तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली.

एक कारण भाषेचं. आपल्याकडचं रॉक इंग्रजीत राहिलं, त्यामुळे ते कॉलेजांच्या आणि मोठ्या शहरांच्या बाहेर फारसं पडलं नाही. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. महाराष्ट्रातल्या कामगाराकडे स्वतःचा आवाज आधीपासूनच होता, तो म्हणजे शाहिरी. 1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' काढलं. डफ आणि तुणतुण्यावर गिरणी कामगारांचं दुःख गाणारं हे पथक. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं त्यावर बंदी घातली.

आता गंमत बघा. प्रागमध्ये कम्युनिस्ट सरकार गाणाऱ्यांवर बंदी घालत होतं आणि मुंबईत बंदी आली ती गाणाऱ्या कम्युनिस्टांवर. म्हणजे सत्तेचा रंग कुठलाही असो, कामगार मोठ्या आवाजात गायला लागला की, तिला धडकी भरतेच.

पुढे काय झालं?

प्रागच्या 'अराकेन' या मेटल बँडची सुरुवात 1982 ची. पण 'थ्रॅश द ट्रॅश' हा त्यांचा पहिला मोठा अल्बम यायला 1990 उजाडलं, म्हणजे आठ वर्षं गेली. 1991 मध्ये सरकारी स्कोडात फोक्सवॅगन भागीदार झाली. त्याच वर्षी भारतानंही आपली बाजारपेठ खुली केली. या दोन घटना घडल्या नसत्या, तर चाकणला आज स्कोडाचा प्लांट दिसला नसता.

रंगभवन मात्र शांत झालं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि रंगभवन नेमकं अशाच परिसरात होतं. शेजारच्या रुग्णांना शांतता हवी, हे कुणीही मान्य करेल. पण त्या बदल्यात पोरांना वाजवायला दुसरी तशी जागा कुठं मिळाली?

परीक्षा घेणारी समिती प्रागमध्ये उरली नाही आणि आपल्याकडे तर ती नव्हतीच. पण चाकणच्या एखाद्या कंपनीत शिफ्ट करून गिटार वाजवणाऱ्या पोराला सरावाची खोली, परवडणारं हॉल आणि ऐकणारे लोक आजही स्वतःच शोधावे लागतात.