पाचशे फुटांवर इंजिन बंद!

मित्रांनो, मी तुमच्याच होस्टेलचा जुना रहिवासी, ब्रँच मेकॅनिकल. सध्या मुक्काम अमेरिकेत, ओहायो राज्यात. "काहीतरी टेक्निकल लिहा, पण झोप येणार नाही असं," अशी संपादकांची फर्माईश आली, म्हणून माझ्या विमानाची गोष्ट सांगतो.

हो, माझ्याच विमानाची! इथे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने केलेलं असेल, तर घरी बांधलेल्या विमानाची 'एक्सपेरिमेंटल' गटात नोंदणी होते. सुरुवातीचे 25 ते 40 तास मात्र ठरवून दिलेल्या भागात, प्रवासी न घेता उडवावं लागतं. किट आणून सहा वर्षं गॅरेजमध्ये रिव्हेट ठोकले आणि दोन सीटचं विमान उभं केलं. बायको त्याला माझी सवत म्हणायची.

2017 चा ऑक्टोबर. चाचणीचा बारावा तास. टेक-ऑफ केला, पाचशे फुटांवर पोचलो, इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं.

इंजिन बंद पडलं की विमान धोंड्यासारखं खाली येतं, हा गैरसमज आहे. माझं विमान एक फूट खाली येताना साधारण आठ फूट पुढे जातं. म्हणजे हातात सव्वा किलोमीटर अंतर आणि जेमतेम अर्धं मिनिट! पहिलं काम, नाक खाली करून वेग टिकवणं. वेग गेला की पंखांवरची लिफ्ट जाते. यालाच स्टॉल म्हणतात.

खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो मागे वळून रनवे गाठायचा. सहा वर्षांची मेहनत होती हो! पण वळताना विमान एका अंगावर कलतं. 45 अंश कललं तर स्टॉलचा वेग 19 टक्क्यांनी वाढतो, 60 अंशांना 41 टक्क्यांनी. त्यात उंचीही भराभर जाते. एवढ्या कमी उंचीवर मागे वळायला जाऊन कित्येकांनी जीव गमावलाय. म्हणून नियम असा, की समोरच जागा शोधायची.

समोर सोयाबीन काढलेलं शेत होतं. दुसरी टाकी लावून पाहिली, पंप चालू केला, काही उपयोग नाही. मग पेट्रोलचा कॉक बंद, मेन स्विच बंद. दार दबून अडकू नये म्हणून कॅनॉपी आधीच सैल केली, पट्टे आवळले.

आता फर्स्ट इयरचं गणित. थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोनदा मंदन. ताशी 80 किलोमीटर वेगाला, 9 जी मंदन धरलं, तर हे अंतर तीन मीटरसुद्धा भरत नाही. खांद्यावरून पट्टे असतील तर माणूस तेवढं सोसतो. वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट! म्हणून वाऱ्याच्या समोरून, जितकं हळू टेकता येईल तितकं टेकायचं, पण विमान ताब्यात ठेवून. मग चाकं मोडोत, पंख फाटोत. विमान मोडतं तेव्हा तेच आपला धक्का खातं.

माझं पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर वाकला. मी चालत बाहेर आलो. खांद्यावर पट्ट्याचा काळानिळा वळ, बाकी काही नाही. हात मात्र तासभर थरथरत होते.

कारण नंतर सापडलं. नळ बसवताना प्लंबर गुंडाळतात ना, ती पांढरी टेप! फिल्टरच्या पुढच्या जोडाला मी ती लावली होती. तिचे तुकडे कार्बोरेटरच्या जाळीवर जमले. जमिनीवर इंजिन हळू चालवताना इंधन कमी लागतं, त्यामुळे तपासणीत काही कळलं नाही. पूर्ण ताकद मागितली, तेव्हा पेट्रोल पुरलं नाही. 'ही टेप वापरू नये,' असं किटच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट छापलेलं होतं. ते पान मी वाचलंच नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, जर्नल कॉपी करा, मीही केलीत. पण ज्यात स्वतः बसणार आहात, त्याचं मॅन्युअल पानन् पान वाचा. आणि एवढं करूनही काही बंद पडलंच, तर आधी माणूस वाचवा. विमान काय, परत बांधता येतं. माझं निम्मं झालंय.