हायडन, फ्रान्ट्स योझेफ

(३१ मार्च १७३२–३१ मे १८०९). श्रेष्ठ ऑस्ट्रियन संगीतरचनाकार. जन्म रोराउ येथे, गाड्यांची चाके बनविणाऱ्या कारागिराच्या कुटुंबात. बालपणी तो व्हिएन्नातील सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या गायकवृंदात होता. १७६१ मध्ये एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या सेवेत तो रुजू झाला व सुमारे तीस वर्षे तेथील वाद्यवृंद त्याच्या हाताखाली राहिला.

‘पापा हायडन’ या लाडक्या नावामुळे त्याची प्रसन्न, विनोदी व काहीशी सोपी अशी प्रतिमा रूढ झाली. मंद चाललेल्या सुरावटीत अकस्मात मोठा आघात करणारी ९४ वी सिंफनी ऐकून अनेक श्रोते तेथेच थांबतात. ही प्रतिमा खोटी नव्हे. पण अपुरी आहे. १७७२ मधील ४५ व्या, ‘फेअरवेल’ सिंफनीची सुरुवात अस्वस्थ व उग्र आहे, तर अखेरीस वादक एकेक करून वादन थांबवितात आणि शेवटी दोनच व्हायोलिने उरतात. घरी परतण्यास आतुर झालेल्या वादकांची विनंती सरदाराला सुचविण्याची ही युक्ती होती, असे सांगतात. त्याच वर्षीच्या तंतुवाद्य-चतुष्कांपैकी (कृतिक्रमांक २०) तिहींचा शेवट त्याने फ्यूगच्या कडक बंधात केला. उलट कृतिक्रमांक ३३ मधील दुसऱ्या चतुष्काच्या अखेरीस मध्येच विराम घेऊन, रचना संपली की नाही याविषयी तो श्रोत्यांना चकवितो.

सरदार निकोलाउस हा बॅरिटोन नावाचे वाद्य वाजवी. सारंगीप्रमाणे त्याला तरफांच्या तारा असतात. मात्र त्या डाव्या अंगठ्याने छेडताही येतात. धन्याच्या हौसेखातर हायडनने या वाद्यासाठी सव्वाशेच्या आसपास त्रिके लिहिली. ती आज क्वचितच ऐकू येतात.

त्याच्या गांभीर्याची कसोटी मात्र ख्रिस्ताच्या अंतिम सात वचनांवरील रचनेत लागते. स्पेनमधील काडिथ येथील उपासनेसाठी लिहिलेल्या या वाद्यवृंदरचनेत सात संथ भाग ओळीने येतात. श्रोत्यांना न कंटाळविता हे साधणे सोपे नव्हते. पुढे तिची चतुष्कासाठी व गायनासाठीही रूपांतरे झाली.

निकोलाउसच्या मृत्यूनंतर (१७९०) हायडनने दोनदा इंग्‍लंडला भेट दिली व तेथे आपल्या अखेरच्या बारा सिंफनी सादर केल्या. द क्रिएशन (१७९८) या ऑरटोरिओच्या प्रारंभी सृष्टिपूर्व गोंधळाचे चित्र त्याने स्वरांना स्थिर विसावा न देता उभे केले आहे. हा भाग ऐकल्यावर ‘सोपा हायडन’ हे मत टिकणे कठीण. १७९७ मध्ये ऑस्ट्रियन सम्राटासाठी त्याने रचलेली चाल आज जर्मनीच्या राष्ट्रगीताची चाल आहे.

नेपोलियनच्या फौजांनी व्हिएन्ना व्यापली असताना त्या शहरी त्याचे निधन झाले.