काका कशाने गेले, आणि कितव्या वर्षी?

हार्ट अटॅकची बातमी आली की घराघरांत दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "त्यांच्या घराण्यातच आहे ते, कोण काय करणार." दुसरं, "कमाल आहे! सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं, रोज पहाटे फिरायला जायचे." पहिल्यात हात टेकलेले, दुसऱ्यात आश्चर्य. दोन्हींच्या मुळाशी समज एकच आहे. कोलेस्टेरॉल म्हणजे ताटातल्या तेलातुपाचा हिशोब, आणि घराण्यातून आलेलं म्हणजे प्रारब्ध. त्याला ना तपासणी, ना औषध. प्रत्यक्षात घराण्यातून येणारा धोका तर शे-पाचशे रुपयांच्या रक्ततपासणीत, अटॅकच्या वीस-तीस वर्षं आधी दिसू शकतो.

आधी ताटाचं बघू. "मी तर तळलेलं खातच नाही, मग वाढलंच कसं?" शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच तयार करतं, खाण्यातून येतो तो वाटा लहान. रक्तात फिरणारं एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, परत ओढून घेण्याचं काम मुख्यतः लिव्हरचं. त्यासाठी त्याच्या पेशींवर खास रिसेप्टर असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी संशोधकांनी हे रिसेप्टर शोधून काढले आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. काही माणसांत या रिसेप्टरचा जीनच जन्मतः सदोष असतो. मग एलडीएल रक्तातच साचत राहतं, अगदी पाळण्यात असल्यापासून. माणूस सडपातळ असो, शाकाहारी असो की माळकरी असो, त्याने फरक पडत नाही. या विकाराला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. डॉक्टर मंडळी नुसतं एफएच म्हणतात. जगभरचा अंदाज साधारण अडीचशे माणसांत एक असा आहे. म्हणजे हजार पानं उठणाऱ्या लग्नात असे चार जण जेवून जातात, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

कारण त्रास काहीच होत नाही. "कोलेस्टेरॉल वाढलं की जडपणा येतो, चक्कर येते" हे सरळसरळ चूक. ते वर्षानुवर्षं मुकाट वाढतं. क्वचित बाहेर खूण दिसते. टाचेच्या मागचा जाड स्नायुबंध गाठाळ होतो किंवा पंचेचाळिशीच्या आतच बुबुळाभोवती पांढुरकं कडं दिसतं. पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळट चकत्याही येतात, पण त्या इतर कारणांनीही येतात. खूण नसली म्हणून सुटलो असं नाही. खरी साक्ष रिपोर्टची.

आता तो रिपोर्ट हातात घेऊ. समजा, टोटल कोलेस्टेरॉल २७८, एचडीएल (म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल) ४२, ट्रायग्लिसराइड्स १४०. बहुतेकांची नजर पहिल्या आकड्यावर जाते आणि बोट एचडीएलवर थांबतं: "चांगलं ठीक आहे ना, मग झालं!" झालं नाही. टोटलमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग म्हणजे २८ वजा करा, उरतात २०८. हे एलडीएल. बऱ्याच लॅब याच सूत्राने ते काढतात. थायरॉइड, किडनी वगैरेंचं दुसरं कारण नसताना मोठ्या माणसाचं एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आलं, की डॉक्टरांच्या मनात एफएचची शंका यायला हवी. आणि एचडीएल चांगलं असलं म्हणून एलडीएलचं नुकसान भरून निघत नाही. एचडीएल वाढवणारी औषधं काढून पाहिली गेली. आकडा वाढला, पण हृदयविकार त्या प्रमाणात घटला नाही.

कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली भारतीयांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत साधारण माणसाचं एलडीएल १००च्या खाली, जास्त धोका असलेल्याचं ७०च्या खाली आणि अटॅक येऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्यातल्यांचं ५५च्या खाली असावं असं म्हटलं आहे. म्हणजे "नॉर्मल" सगळ्यांना सारखं नाही. शेजाऱ्याला ९० चालतं म्हणून अँजिओप्लास्टी झालेल्याला चालत नाही. आणखी एक, सकाळी उपाशीपोटीच जायला हवं म्हणून तपासणी महिनोन्‌महिने टाळण्याचं कारण उरलेलं नाही. पहिली चाचणी जेवूनखाऊनही चालते; ट्रायग्लिसराइड्स फार जास्त आले तर मग उपाशीपोटी पुन्हा करतात.

"पण तो आईवर गेलाय, वडिलांकडचं त्याला कशाला येईल?" हा तर खास आपला समज. नाक-डोळे कुणाचे आले यावरून एलडीएलचा जीन कुणाचा आला हे ठरत नाही. एफएच आईकडूनही येतं, वडिलांकडूनही. मुलगा-मुलगी असा भेद नाही. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला ते येण्याची शक्यता निम्मी. थोरल्याला आलं म्हणून धाकटा सुटला, असं गणित नाही. प्रत्येक वेळी निम्मीच. म्हणून एकाला निदान झालं की भावंडं आणि मुलं यांची तपासणी व्हायलाच हवी. आपल्याकडे मात्र ज्याला निदान होतं त्याच्या ताटातून पापड काढून घेतात आणि भावाला फोन कुणी करत नाही.

घराण्याचा इतिहास काढताना वय विचारायचं, हे तर सगळेच विसरतात. आजोबा ब्याऐंशीव्या वर्षी हार्टने गेले, त्याला आनुवंशिक धोका म्हणत नाहीत. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत, हा खरा इशारा. काका-मामांचीही वयं विचारून ठेवावीत. "पित्त झालंय म्हणत होते, सोडा प्यायले आणि पडले" किंवा "झोपेतच गेले" अशा गोष्टी घरात भुतासारख्या फिरत असतात. त्यांना वय जोडा. 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला. इतर देशांतल्यांना जवळजवळ ५९व्या. आणि बाई म्हणून कुणी निश्चिंत राहू नये. पाळी गेल्यावर एलडीएल चढतं, आणि छातीत दुखण्याऐवजी दम लागणं, मळमळ असं काही झालं की घरचेही तिला लिंबूपाणी देऊन निजवतात.

सगळाच वारसा नेहमीच्या रिपोर्टात दिसतो असंही नाही. लायपोप्रोटीन (ए) नावाचा एक कण असतो. त्याचं प्रमाण बहुतांशी जन्मतःच ठरलेलं असतं, खाण्याने किंवा व्यायामाने फारसं हलत नाही, आणि साधारण पाचांतल्या एकाला ते जास्त असतं. लिपिड प्रोफाइलमध्ये ते येत नाही. वेगळं सांगावं लागतं. आयुष्यात एकदा केलं तरी पुष्कळ. ते जास्त निघालं तर बाकीच्या गोष्टी, म्हणजे एलडीएल, बीपी, साखर, तंबाखू, अधिक कडकपणे धरायच्या. त्याचा उपयोग होतो. २०१६ साली पन्नास हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून दिसलं, की ज्यांचा जनुकीय धोका सर्वांत जास्त होता त्यांच्यातही धूम्रपान न करणाऱ्या, वजन आटोक्यात ठेवणाऱ्या, नियमित व्यायाम आणि नीट आहार घेणाऱ्यांना हृदयविकाराचं प्रमाण जवळजवळ निम्मं होतं.

ताटाबद्दल थोडक्यातच. शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं. कुठल्याच वनस्पतिजन्य तेलात ते नसतं. तूप, लोणी, खोबरेल यांत संपृक्त स्निग्धांश जास्त, म्हणून हात आखडता. वनस्पती तूप आणि बेकरीची खारी यांच्यावर जास्त डोळा ठेवा. इसबगोल, ओट्स, डाळी यांनी एलडीएल थोडं उतरतं. थोडंच. २०८ला आहाराने १००वर आणण्याच्या गोष्टी सांगणाऱ्याकडून काही विकत घेऊ नये.

म्हणून गोळी, बहुधा स्टॅटिन. "एकदा सुरू केली की जन्मभर" ही तक्रार खरी आहे, पण तो गोळीचा दोष नाही. रक्तात एलडीएल साचतं ते जन्मभरच. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडणारे विसरतात, की तो गोळीमुळे नॉर्मल आला. स्टॅटिनने स्नायू दुखतात हे काहींच्या बाबतीत खरं आहे, रक्तातली साखर किंचित वाढते हेही खरं. पण 'सॅमसन' नावाच्या ब्रिटिश चाचणीत त्रासामुळे गोळी सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने नुसती साखरेची गोळी दिली. जो त्रास स्टॅटिनवर झाला, त्यातला नव्वद टक्के साखरेच्या गोळीवरही झाला. दुखलं तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा. डोस, औषध बदलता येतं, एझेटिमाइब हे दुसरं औषध जोडता येतं. गरोदरपणाचा विचार असेल तर तेही आधीच बोलावं. साधी स्टॅटिन जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळते.

मुलांचं काय? साधारण माणसाने पहिली तपासणी अठराव्या वर्षी करावी, घरात तरुणपणीचा हृदयविकार किंवा एफएच असेल तर त्याहून आधी. एफएच असलेल्या मुलांना आठ-दहा वर्षांच्या वयापासून औषध देतात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

आणि घरात कुणी पंचविशीत खेळता खेळता कोसळलं असेल, तर लिपिड प्रोफाइलवर थांबू नका. ते बहुधा कोलेस्टेरॉलचं प्रकरण नसतं. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, ठोक्यांची लय बिघडण्याचा आजारही घराण्यातून येतो, आणि तो ईसीजी आणि इकोमध्ये शोधावा लागतो. तिथेही भावंडांपासूनच सुरुवात करतात.