वेल्सच्या पायवाटा आणि खिशातली साखर



गेल्या जूनमध्ये आम्ही दोघे लेकीकडे कार्डिफला गेलो होतो. तिने सुट्टी काढली आणि आम्हाला चार दिवसांसाठी मध्य वेल्समधल्या एका लहानशा गावी नेले. गावाचे नाव ल्हानउर्टिड वेल्स. तिथला सुरुवातीचा ‘ल’ जिभेच्या कडांनी फुंकर मारून काढतात. इंग्रजांना तो जमत नाही, आपल्याला ‘कोल्हा’ म्हणता येते म्हणून थोडाफार जमतो. वस्ती जेमतेम हजाराच्या आत. ब्रिटनमधले सर्वांत लहान शहर आपलेच, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आगगाडीचे स्टेशन आहे, इर्फोन नावाची नदी आहे, आणि चारही बाजूंना मेंढ्यांनी भरलेल्या हिरव्या टेकड्या.

आमच्या ह्यांना चौदा वर्षे मधुमेह आहे. मी स्वतः बेर-शेवाला नर्स म्हणून काम करून निवृत्त झाले. तरीही या सहलीत आमच्याकडून एक चूक झाली. आपल्या घरोघरी ‘साखर’ असल्यामुळे ती चूक लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आधी गावाची ओळख करून देते. इथे एक गंधकाचा झरा आहे. त्याचे वेल्श नाव ‘दुर्गंधीची विहीर’ अशा अर्थाचे आहे. १७३२ साली थिओफिलस इव्हान्स नावाच्या पाद्रीला स्कर्व्ही झाला होता. या घाण वासाच्या पाण्यात एक तरतरीत बेडूक पाहून त्याने ते पाणी पिण्याचे धाडस केले आणि तो बरा झाला, असे सांगतात. पुढे आगगाडी आली आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात इथे पाणी प्यायला माणसांची रीघ लागली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतले लोक पालीजवळ उन्हेऱ्याच्या कुंडात अंग शेकायला जात, तसेच हे. फरक इतकाच, की उन्हेऱ्याचे पाणी गरम आणि हे थंड.

आज आपल्याला माहीत आहे की स्कर्व्ही ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, गंधकाने तो बरा होत नाही. पण मला वाटते, इथे येणाऱ्या पुष्कळांना बरे वाटत असणार ते झऱ्यापर्यंत रोज चालत गेल्यामुळे. झरा आता मागे पडला, पायवाटा मात्र राहिल्या.

वाटा कशा आहेत

इस्रायलमध्ये आपण दगडांवर रंगवलेले पट्टे पाहत चालतो. वेल्समध्ये लाकडी खांबावर बाण असतात. पिवळा बाण पायी चालणाऱ्यांचा, निळा बाण घोड्यावरून जाणाऱ्यांसाठीही. वाट पुष्कळदा कोणाच्या तरी शेतातून जाते, पण तिथून चालण्याचा सर्वांना कायद्याने हक्क असतो. फाटक जसे असेल तसेच ठेवायचे, म्हणजे बंद असेल तर आपल्यामागे बंद करायचे. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. पावसाने त्या निसरड्या होतात. उतरताना तोंड कुंपणाकडे ठेवावे, जिना उतरतो तसे उतरू नये.

सर्वांत सोपी वाट नदीकाठची. गावातून निघून झऱ्याच्या दिशेने जाते, जवळजवळ सपाट. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी हीच धरावी. दुसरी नदीच्या वरच्या अंगाला अ‍ॅबरग्वेसिनकडे जाते. हे खेडे सुमारे ८ किलोमीटरवर आहे. पूर्वी गुराखी आपले कळप इंग्लंडच्या बाजारात हाकत न्यायचे तो रस्ता तिथून जातो. तिसरा प्रकार म्हणजे जंगलातून वर चढून उघड्या माळावर जाणाऱ्या वाटा. वर वारा जोराचा, पायाखाली ओली दलदल, आणि डोक्यावर तांबूस घारी. एके काळी ब्रिटनमधून ही घार नाहीशी होत आली होती. ती टिकली ती मध्य वेल्सच्या या डोंगरांत.

याच टेकड्यांवर १९८० पासून माणूस आणि घोडा यांची शर्यत होते. कोण जिंकेल यावरून एका पबमध्ये वाद झाला, त्यातून ती सुरू झाली. सुमारे ३५ किलोमीटरची शर्यत. माणसाला पहिल्यांदा जिंकायला २००४ साल उजाडले. आमची शर्यत घोड्याशी नव्हती, म्हणून मी जुना हिशेब वापरला: ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब धडधाकट माणसाचा. साठीच्या पुढच्यांनी तो सरळ दुप्पट करावा.

शुक्रवार आणि शब्बाथ

शुक्रवारी आम्ही माळावर गेलो. साधारण १० किलोमीटर चाल आणि ३०० मीटर चढ. हिशेबाने अडीच तास, आम्ही पाच तास घेतले. मी पूर्ण तयारीत होते. दर तासाला थांबून ह्यांची साखर तपासली. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, पिशवीत उकडलेली अंडी, पाव आणि घरचा चिवडा. काही झाले नाही. हे तर तरुणासारखे खूश होते. जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सगळे आवरून, आंघोळ करून शब्बाथचे दिवे लावायला भरपूर वेळ मिळाला.

शनिवारी जेवणानंतर नदीकाठी फिरायला निघालो. वस्तीच्या शेवटच्या घरापासून २००० हात, म्हणजे साधारण एक किलोमीटर, इतकेच जायचे. गावात एरुव नाही, म्हणून खिसे रिकामे केले. ग्लुकोजच्या गोळ्याही टेबलावर ठेवल्या. मनात म्हटले, काल डोंगर चढलो, आज तर सपाटी आहे.

अर्ध्या वाटेत हे गप्प झाले. मग लेकीला उगाच ओरडले. कपाळावर घाम, आणि वारा तर गार. मी विचारले, “काय होतंय?” म्हणाले, “काही नाही, चल.” आणि भलत्याच दिशेने वळले. चौदा वर्षांत मी ह्यांना असे पाहिले नव्हते. कुत्र्याला फिरवणारी एक बाई समोरून येत होती. लेक तिच्याकडे धावली. तिच्या पिशवीत संत्र्याच्या रसाचा छोटा डबा होता. तो मी ह्यांना पाजला. पंधरा मिनिटांनी माणूस ताळ्यावर आला आणि लेकीला विचारू लागला, “तू का रडतेस?”

चूक कुठे झाली

डोंगर चढल्यावर स्नायू आपली खर्च झालेली साखर रक्तातून भरून घेतात, आणि हे काम पुढचे चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त चालू राहते. म्हणून साखर डोंगरावर उतरली नाही, ती दुसऱ्या दिवशी सपाटीवर उतरली. त्यात सकाळची गोळी नेहमीची घेतली आणि जेवण थंड म्हणून अर्धेच केले. सर्वांना हा धोका सारखा नसतो. इन्सुलिन, तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना तो जास्त असतो. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना फारच कमी. हृदयासाठी बीटा-ब्लॉकर घेत असाल तर हात थरथरणे, धडधडणे या खुणा झाकल्या जातात, घाम मात्र येतो. त्याकडे लक्ष ठेवा.

म्हणून मोठ्या चालीपूर्वी डॉक्टरांना विचारा: त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यावे? स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका. मोठ्या चालीच्या रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासा.

साखर ७० च्या खाली गेली, किंवा तपासायला वेळ नसेल आणि खुणा दिसत असतील, तर १५ ग्रॅम साखर ताबडतोब द्या, म्हणजे अर्धा कप फळांचा रस किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वाढली नसेल तर पुन्हा द्या. मग थोडे खायला द्या. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

ब्रिटनमध्ये साखरेचे माप वेगळे असते. तिथल्या यंत्रावर ४ च्या खाली आकडा म्हणजे कमी. आपले यंत्र आपल्यासोबतच न्यावे.

आणि शब्बाथचे. पिक्कुआख नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, शब्बाथच्या वर आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण तो प्रसंग येईपर्यंत आपल्याला वाटते की तो दुसऱ्या कोणाचा असतो. घरी परतल्यावर आम्ही आमच्या रब्बींना विचारले. ते म्हणाले, “ज्याला धोका आहे त्याने हा प्रश्न शुक्रवारी विचारायचा असतो, शनिवारी नदीकाठी नाही.” तुम्हीही आपल्या डॉक्टरांना आणि रब्बींना, दोघांनाही, निघण्यापूर्वी विचारून ठेवा. गोळ्या सोबत नेण्याची सोय नसेल, तर घराच्या अंगणात बसणे बरे.

बाकी थोडक्यात

उतारावर गुडघ्यांवर भार जास्त येतो, दोन काठ्या घ्या. सुती कपडे भिजले की अंग गारठते, लोकरी किंवा लवकर वाळणारे घाला. थंडीत तहान कळत नाही, तरी पाणी प्या. मधुमेह्यांनी रोज संध्याकाळी तळपाय पाहावेत, फोड चालून येत नाही तोवर कळत नाही. उंच गवतातून आल्यावर अंगावर गोचीड आहे का पाहा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, आणि पुढे लाल वर्तुळ उठले तर डॉक्टरांकडे जा.

वेल्समध्ये बेथलेहेम, हेब्रोन, कार्मेल, नेबो अशी खेडी आहेत. नकाशावर ती वाचून हे हसत होते, “आपण घर सोडून कुठे आलोच नाही!” आणि तिथल्या प्रत्येक वळणावर रस्त्यावर एक शब्द रंगवलेला असतो, ‘अराव’. म्हणजे सावकाश. आपल्या इस्रायलमध्ये ‘ल’आत, ल’आत’ म्हणतात तेच.

चालणे सोडू नका. आम्हीही सोडलेले नाही. आता रोज संध्याकाळी हे फाटकापाशी थांबतात, खिसा चाचपतात आणि मग निघतात.