युनिक्स वर्कस्टेशनसाठी डिस्क-क्षमतेचे नियोजन

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेसाठी यंत्रे खरेदी करताना डिस्क किती मोठी असावी, हा प्रश्न बहुधा दरपत्रकातील एका आकड्यावर सोडविला जातो. युनिक्स प्रणालीच्या बाबतीत मात्र एकूण क्षमतेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व तिच्या विभागणीला आहे.

डेनिस रिची व केन थॉम्पसन यांच्या १९७४ च्या शोधनिबंधातील पीडीपी-११/४५ यंत्राला १ मेगाबाइटची एक, २.५ मेगाबाइटच्या चार आणि ४० मेगाबाइटची एक अशा डिस्क जोडलेल्या होत्या. डेबियन १२ (२०२३) ही लिनक्स प्रणाली डेस्कटॉपसह बसविण्यास किमान १० गिगाबाइट जागा सांगितली आहे. प्रणालीचा हा वाटा मोजणे सोपे आहे.

स्वॅपविषयी मात्र गैरसमज आढळतो. ‘मुख्य स्मृतीच्या दुप्पट स्वॅप’ हा नियम टिपणांतून अद्याप शिकविला जातो. जुन्या बीएसडी प्रणालींत प्रत्येक प्रक्रियेसाठी स्वॅपमध्ये आधीच जागा राखावी लागे. त्या काळी हा नियम योग्यच होता. आज १६ गिगाबाइट स्मृतीच्या यंत्राला ३२ गिगाबाइट स्वॅप देणे बहुधा अपव्यय ठरतो.

खरा धोका ‘व्हार’ व ‘होम’ या निर्देशिकांत असतो. पहिलीत लॉग व छपाईच्या रांगेतील फाइली साठतात, दुसरीत विद्यार्थ्यांचे काम. दोन्ही एकाच विभागात असल्यास, अनंत आवर्तनात अडकून फाइलीत लिहीत राहिलेला एका विद्यार्थ्याचा प्रोग्राम सर्वांची जागा व्यापतो. अनेक प्रोग्राम फाइल साठविताना आधी जुना मजकूर पुसतात व मग नवा लिहितात. डिस्क भरलेली असेल तर जुना जातो, नवा उमटत नाही. प्रकल्प-अहवाल सादर करण्याच्या आदल्या दिवशी याचा अर्थ काय होतो, हे प्राध्यापकांना सांगावयास नको.

म्हणून ‘होम’ स्वतंत्र विभागात ठेवून प्रत्येकास मर्यादा घालून द्यावी. सामायिक यंत्रावर ६० विद्यार्थ्यांना प्रत्येकी २ गिगाबाइट दिल्यास १२० गिगाबाइट पुरतात. मर्यादेविना १ टेराबाइटही अपुरा पडू शकतो. ‘ईएक्सटी४’ फाइल-प्रणाली सामान्यतः ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखते. मूळ विभागावरील ही राखीव जागा काढून टाकण्याचा मोह टाळावा, कारण इतरांसाठी डिस्क भरल्यावरही प्रशासकास तिच्यामुळेच साफसफाई करता येते.

साफसफाईतही एक खोच आहे. चालू प्रोग्रामने उघडलेली फाइल पुसली, तरी तो प्रोग्राम ती बंद करीपर्यंत जागा मोकळी होत नाही. ‘डीयू’ आज्ञेची बेरीज ‘डीएफ’ने दाखविलेल्या वापरापेक्षा पुष्कळच कमी आली, तर प्रथम अशा फाइलीचा शोध घ्यावा.